फिलाडेल्फिया ते घाटकोपर, व्हाया टोकियो

१० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डीनबाईंनी स्वागतसमारंभ ठेवला होता, आणि त्या दिवशी तीन परदेशी विद्यार्थिनींना एकत्र बसवून फोटो काढला गेला. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतल्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या साबात इस्लांबुली, आपल्या देशाच्या पोशाखात. खाली तिघींची नावं आणि गावं. आनंदीबाईंच्या नावापुढे कल्याण नाही, पुणं नाही, तर बंगालमधलं श्रीरामपूर आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचे पती गोपाळराव यांची बदली तिथल्या टपाल कचेरीत होती, म्हणून.

हा फोटो दर महिला दिनाला आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो. ‘तीन देशांच्या पहिल्या महिला डॉक्टर’ अशी ओळ, खाली जोडलेले हात, फुलं, आणि लगेच पाण्याच्या टँकरचा निरोप. इतिहासाच्या मास्तरणीला ही ओळ सोसत नाही. आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. जपानमध्ये ओगिनो गिंको यांना सरकारी परवाना १८८५ मध्येच मिळाला होता. ओकामी परदेशातून वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या जपानी बाई. पण पहिली कोण, दुसरी कोण हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटत नाही. एक कल्याणकर जोशांची मुलगी आणि एक आओमोरीची मुलगी अमेरिकेतल्या एकाच बाकावर येऊन बसल्या त्या कशा, आणि त्यानंतर त्या वाटेनं काय काय आलं-गेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझी सगळी नोकरी घाटकोपरच्या एका महिला महाविद्यालयात गेली. महाविद्यालय एसएनडीटीला संलग्न. पेपर तपासायला, अभ्यास मंडळाच्या बैठकीला सांताक्रूझ पश्चिमेच्या जुहू परिसरात जावं लागे: मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, सांताक्रूझला उतरून रिक्षासाठी भांडण. त्या परिसरातल्या आणि आमच्या घाटकोपरच्या वर्गातल्या मुलींना मी नेहमी सांगत आले की तुमच्या विद्यापीठाचा जन्म फक्त हिंगण्याच्या माळावर झालेला नाही. त्याची एक मुळी टोकियोत आहे, आणि टोकियोतून ती अमेरिकेत जाते.

अमेरिकन बायका आपल्याकडे जपानच्या बऱ्याच आधी पोचल्या होत्या. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या. अविवाहित बाईनं एकटीनं मिशनच्या कामाला परदेशी जाणं तिकडेही तेव्हा नवलाचंच होतं. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा पाहिल्या, १८३९ पासून अहमदनगरला. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरारबाईंकडे. जपानची दारं उघडली ती नंतर. योकोहामात तीन अमेरिकन बायकांनी १८७१ मध्ये मुलींसाठी मिशन होम काढलं, त्याचीच पुढे क्योरित्सु कन्याशाळा झाली. १८५९ मध्ये जन्मलेल्या केई तिथे शिकल्या. म्हणजे आनंदीबाई आणि केई एकमेकींना भेटण्याच्या कितीतरी आधी, त्यांच्या देशांतल्या मुलींना शिकवायला एकाच प्रकारच्या बायका येत होत्या. हेतू धर्मप्रसाराचा होता, ते झाकायचं कारण नाही. शाळेत येणाऱ्या मुलींना मात्र आधी अक्षरं मिळत.

फिलाडेल्फियाच्या कॉलेजचंही तसंच. १८५० मध्ये निघालेलं हे कॉलेज बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत, तेव्हा आशियात बाई डॉक्टर पाठवल्या पाहिजेत, हे मिशनच्या बायकांनी फार लवकर ओळखलं होतं. या कॉलेजच्या क्लारा स्वेन १८७० मध्येच बरेलीला येऊन पोचल्या. इथून डॉक्टर बाहेर जात होत्या, तर उलट दिशेनं विद्यार्थिनी का येऊ नयेत? अशी ती वाट उलटी चालू लागली.

आनंदीबाई त्या वाटेवर आल्या त्या मात्र मिशनच्या हाताला धरून नाही. गोपाळराव टपाल खात्यातले कारकून. विक्षिप्त, हट्टी, प्रसंगी बायकोवर हात उगारणारे, आणि बायको शिकलीच पाहिजे या एका गोष्टीनं पछाडलेले. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलेलं. त्यातून आनंदीबाईंचा डॉक्टर व्हायचा निश्चय. गोपाळरावांनी अमेरिकेला पत्र लिहिलं. कोल्हापुरात काम करून परतलेल्या वाइल्डर या पाद्र्यांनी ते आपल्या मासिकात छापलं, आणि सोबत सल्ला दिला, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. एरवी प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांच्या हाती तो अंक पडला. घरी येऊन त्यांनी सरळ पत्र धाडलं. धर्म बदलायची अट नाही, चौकशी नाही. ये, माझ्या घरी राहा. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी न्यायला उभी होती.

हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा मुली गोपाळरावांवर चिडायच्या आणि कार्पेंटरबाईंवर अवाक व्हायच्या. एकीनं विचारलं होतं, “मॅडम, कुणी अनोळखी मुलीला घरात ठेवेल का?” घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये पाचजणांत झोपणाऱ्या मुलीनं हा प्रश्न विचारणं स्वाभाविक होतं. उत्तर एवढंच, की ठेवलं. त्यांच्या मागे कुठली संस्था नव्हती, समिती नव्हती, निधी नव्हता.

जपानची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाला सुरू होते. १८७१ मध्ये जपान सरकारनंच इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली शिकायला अमेरिकेला पाठवल्या. त्यांतली सर्वांत धाकटी त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. ती अमेरिकन घरात वाढली, १८८२ मध्ये परतली तेव्हा जपानी जवळजवळ विसरली होती, पुढे फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात पुन्हा शिकायला गेली आणि १९०० मध्ये टोकियोत तिनं स्वतःची शाळा काढली. आपल्याकडे सरकार परकं, त्यामुळे मुलगी पाठवायची तर नवऱ्यानं हट्ट करायचा आणि दागिने विकायचे. जपानात सरकारनं हिशेब करून मुली पाठवल्या.

केई ओकामींना मात्र सरकारनं पाठवलं नव्हतं. त्यांचे पती चित्रकलेचे शिक्षक होते. १८८४ मध्ये लग्न झालं आणि दोघं अमेरिकेला गेले. केईंच्या शिक्षणाला हातभार लावला तो फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींनी. मेरी मॉरिस आणि त्यांचे पती विस्टर यांचं शहराबाहेरचं घर जपानी विद्यार्थ्यांचं हक्काचं ठिकाण झालं होतं. उचिमुरा कान्झो, नितोबे इनाझो, त्सुदा उमेको, सगळे तिथे येऊन गेलेले. नितोबेंनी फिलाडेल्फियातल्याच मेरी एल्किंटनशी १८९१ मध्ये लग्न केलं. घरच्यांचा विरोध होता, तो पुढे निवळला. हेच नितोबे पुढे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले. अमेरिका आणि जपान यांच्या मैत्रीचा पाया म्हणून आज ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्या त्या एका गावातल्या दोन-चार घरांत चहाच्या टेबलाशी ठरलेल्या आहेत.

आणि त्याच गावात आपली आनंदी, थंडीनं गारठलेली, शाकाहार न सोडणारी, नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून गुजराती पद्धतीची साडी नेसणारी. फोटोत ती किमोनोशेजारी बसली आहे. दोघी कॉलेजात काय बोलल्या असतील, हा प्रश्न मला कायम छळतो. केई ख्रिस्ती होत्या, आनंदीबाई नाहीत. एकीला क्वेकरांचा आधार, दुसरीला मावशीचा. इंग्रजी दोघींचंही उसनं.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, नात्यातल्याच. क्षयानं पोखरलेल्या आनंदीबाई त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायचे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक कागदावरच राहिली. अस्थी मावशीकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. कल्याणच्या मुलीचा दगड हडसन नदीच्या काठी.

केईंना जास्त आयुष्य मिळालं. १८८९ मध्ये पदवी. त्याच तुकडीत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली पहिली डॉक्टर सुझन ला फ्लेश होती. टोकियोला परतल्यावर ताकागी कानेहिरोंच्या जिकेई रुग्णालयात नोकरी. तिथे सम्राट मेइजींची भेट झाली तेव्हा बाई डॉक्टर म्हणून त्यांना सम्राटांसमोर येऊ दिलं नाही आणि केईंनी राजीनामा दिला, असं सांगितलं जातं. मग घरीच दवाखाना, पुढे एक छोटं रुग्णालय, तेही १९०६ मध्ये बंद, आणि मुलींच्या शाळेत शिकवणं. १९४१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या दोन्ही देशांचं युद्ध सुरू झालं.

आनंदीबाईंच्या मृत्यूनं वाट तुटली नाही, कारण रमाबाई तिकडे राहिल्या. त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच निघालं. प्रस्तावना कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची, आणि तीत आनंदीबाईंची आठवण. व्याख्यानं देत रमाबाई देशभर फिरल्या, बोस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पाठवायचं तिनं कबूल केलं. १८८८ च्या अखेरीस रमाबाई परत निघाल्या, तेव्हा अटलांटिककडून नव्हे, सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून. वाटेत जपानला उतरल्या, व्याख्यानं दिली, मग हाँगकाँगमार्गे मुंबई. एक मराठी विधवा, अमेरिकन बायकांच्या ओळखपत्रांवर जपानात व्याख्यानं देते आहे, साल १८८८. आपल्या पाठ्यपुस्तकात हे एका ओळीतही नाही.

रमाबाईंची ही शाळा, शारदा सदन, मुंबईत चौपाटीला सुरू झाली ती ११ मार्च १८८९ ला. आनंदीबाईंच्या पदवीचीच तारीख. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ११ मार्च १८९३ ला तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुण्यात लग्न झालं. लग्नानंतर नाव काय ठेवलं? आनंदीबाई. तारखांचा हा योग मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि दरवर्षी कुणीतरी ‘यात काही अर्थ आहे का’ असं विचारायचं. योगायोगच, पण पाठ करायला सोपा, असं मी सांगायचे. परीक्षेत तेवढा तरी लक्षात राही.

त्या लग्नामुळे मुरूडला कर्व्यांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी, तोवर पुण्यात आलेल्या शारदा सदनावर मुली बाटवण्याचा आरोप झाला आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. कर्व्यांनी त्यातून आपला धडा घेतला: अमेरिकन पैशावर शाळा चालली की लोक पैशाकडे बघतात, शाळेकडे नाही. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो दारोदार वर्गणी मागून. चार आणे, आठ आणे, मिळेल ते. १९०० पासून आश्रम हिंगण्याला.

आता टोकियोकडे वळते. नारुसे जिन्झो हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. जन्म १८५८, कर्वेही १८५८ चे, रमाबाईही १८५८ च्या. नारुसे ख्रिस्ती पाद्री, ओसाकात मुलींच्या शाळेत शिकवणारे. १८९० ते १८९४ ते अमेरिकेत राहिले, अँडोव्हरला आणि क्लार्क विद्यापीठात शिकले, मुलींची कॉलेजं डोळ्यांखालून घातली आणि डोक्यात एकच गोष्ट घेऊन परतले. १९०१ च्या एप्रिलमध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ उघडलं. गृहशास्त्र, जपानी साहित्य, इंग्रजी असे विभाग. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून शिकवायचं, हे त्यांचं सूत्र. त्यांनी अमेरिकन कॉलेज उचलून टोकियोत ठेवलं नाही. अमेरिकेत पाहिलेल्या गोष्टीला जपानी घराचं, जपानी भाषेचं माप लावलं. सरकार तेव्हा ‘चांगली पत्नी, शहाणी आई’ या धोरणावर ठाम होतं. नारुसेंना त्याच चौकटीत काम करायचं होतं. नाव विद्यापीठाचं, पण कायद्यानं खरंखुरं विद्यापीठ व्हायला त्याला १९४८ पर्यंत थांबावं लागलं.

या विद्यापीठाची माहितीपुस्तिका टपालानं हिंगण्याला आली. जपान पाहून आलेल्या एका स्नेह्यानं पाठवलेली. कर्वे तेव्हा सत्तावन्न वर्षांचे, आश्रमाच्या आणि महिला विद्यालयाच्या कामात बुडालेले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि भाषणात सांगायचं काय, याचा विचार करताना ती पुस्तिका त्यांच्या हाताशी आली. परिषदेत त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. पहिले कुलपती रा. गो. भांडारकर, तेच ते शारदा सदनातून बाहेर पडलेले. कुलगुरू रँग्लर परांजपे. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

टोकियोची छाप स्पष्ट आहे. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून सक्तीचा. आरोग्यशास्त्र, गृहजीवनशास्त्र अभ्यासक्रमात. पदव्यांची नावंही निराळी, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. त्या काळच्या मुलींच्या नावापुढे ‘जी. ए.’ लागायचं ते हेच. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये इंग्रजी आणि गणितात आपटलेल्या मुलींना इथे दार मिळालं.

टीकाही झाली, आणि ती चुकीची नव्हती. मुलामुलींनी एकच अभ्यासक्रम शिकावा, बायकांसाठी वेगळं आणि हलकं काहीतरी काढणं म्हणजे त्यांना पुन्हा घरात बसवणं, असं आगरकरांच्या वळणाच्या लोकांचं म्हणणं होतं. मी स्वतः विद्यार्थी असताना याच बाजूची होते. आनंदीबाई फिलाडेल्फियात जे शरीरशास्त्र शिकल्या ते पुरुष शिकत होते तेच. अमेरिकेहून जी गोष्ट आधी थेट आली, ती पुढे जपानहून फिरून येताना बरीच मवाळ होऊन आली, असं माझं ठाम मत होतं. अजूनही ते पूर्ण पुसलेलं नाही.

पण वर्गात उभं राहिल्यावर त्याची दुसरी बाजू दिसते. प्रवेशाच्या दिवसांत घाटकोपरच्या आमच्या फाटकाशी बाप येऊन उभे राहायचे. असल्फ्याच्या डोंगरावरच्या एका मुलीचे वडील मला आठवतात: गिरणी बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी धरलेले. फॉर्मकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी शिपायाला विचारलं, “हितं फक्त पोरीच ना?” मग वर्गांच्या खिडक्यांतून नजर टाकली, आणि मग पोरीला म्हणाले, “भर.” ती मुलगी बीए झाली, बीएड झाली, भांडुपच्या शाळेत शिकवते. तिला कोएड कॉलेजात पाठवलं असतं का? नाही. तिचं लग्न त्याच मे महिन्यात झालं असतं. अशा मुली आमच्याकडे दर वर्गात असत, मराठीही आणि गुजरातीही. तत्त्वाच्या वादात जो अभ्यासक्रम हरतो, तो फाटकाशी जिंकतो.

हिंगण्याचं विद्यापीठ टिकलं ते मुंबईच्या पैशानं. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईत आली. कायद्यानं मान्यता मिळायला मात्र १९४९ चा अधिनियम यावा लागला. टोकियोला १९४८ पर्यंत थांबावं लागलं, आपल्याला त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत. कर्वे स्वतः १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप केला, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, अमेरिकेत विद्यापीठाविषयी बोलत फिरले, पॅसिफिक ओलांडून जपानला गेले आणि ज्याची पुस्तिका वाचून सगळं मांडलं होतं ते टोकियोचं विद्यापीठ अखेर डोळ्यांनी पाहिलं. नारुसे १९१९ मध्येच गेले होते. दोघांची भेट झालीच नाही.

मुंबईचं योकोहामाशी भगिनी-शहराचं नातं १९६५ मध्ये जुळलं, लॉस एंजेलिसशी १९७२ मध्ये. करार झाले, शिष्टमंडळं आली-गेली, पुष्पगुच्छ दिले गेले. त्याला माझी हरकत नाही. पण आमच्या मुलींच्या पदरात जे पडलं ते त्या कराराच्या कितीतरी आधी, दातांच्या दवाखान्यात चाळलेल्या एका मासिकातून, क्वेकर बाईच्या घरातल्या चहातून, रमाबाईंनी परतीसाठी धरलेल्या लांबच्या वाटेतून आणि टपालानं आलेल्या एका पुस्तिकेतून. यातल्या कुणीही ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ करायला बसलं नव्हतं. प्रत्येकाला आपल्यापुढची एक अडचण सोडवायची होती. आणि प्रत्येकानं दुसऱ्याकडून घेतलेलं जसंच्या तसं ठेवलं नाही. नारुसेंनी अमेरिकेचं बदललं, कर्व्यांनी नारुसेंचं. मग मुलींनी कर्व्यांचंही बदललं: जुहूच्या परिसरात आज औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज आहे, १९९७ पासून मुलींचं अभियांत्रिकी कॉलेज आहे. गृहजीवनशास्त्रापासून सर्किट बोर्डापर्यंतचा हा प्रवास कर्व्यांना न विचारता झाला, आणि म्हातारा त्यावर रागावला असता असं मला वाटत नाही. फिलाडेल्फियाची बाजू उशिरा का होईना, पण आत शिरलीच.

एका गोष्टीत मात्र आपण तोट्यात आहोत. त्या पुस्तिकेतून कर्व्यांनी जे घेतलं त्यात सर्वांत धाडसाचं गृहशास्त्र नव्हतं. विद्यापीठाच्या पातळीवरचं शिक्षण आपल्या भाषेत देता येतं, हे होतं. टोकियोच्या त्या विद्यापीठात आजही जपानीतून शिकवतात. आमच्याकडे मराठी माध्यमाच्या तुकडीत माझ्या निवृत्तीच्या सुमाराला पुढचे दोन बाकही भरत नव्हते, आणि इतिहासाची नवी संदर्भपुस्तकं मराठीत मागवायची तर यादी अर्ध्या पानात संपत होती. मुलींनी इंग्रजीकडे का जाऊ नये, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? नोकरी तिकडे आहे. पण मराठीतून बीए करणाऱ्या मुलीला वाचायला चांगलं पुस्तक नसेल तर तो दोष मुलीचा नाही, पुस्तकं न लिहिणाऱ्या आम्हा प्राध्यापकांचा आणि ती न छापणाऱ्यांचा आहे. पुढची पुस्तिका टोकियोहून येईल म्हणून थांबायचं कारण नाही. ती इथेच, मुलुंड-घाटकोपरात बसून लिहिता येईल.